तीन स्वर, एक गिटार: आयत्या वेळी वाजवण्याचा रियाज

आधी एक छोटी परीक्षा. गिटार घ्या, दहा सेकंद मनाला येईल ते वाजवा आणि थांबा. आता तेच पुन्हा वाजवा. साधारण तसं चालणार नाही, तेच हवं. त्याच जागी थांबून, त्याच स्वरावर जोर देऊन.

जमलं नाही ना? माझ्याकडे पडवीत शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये ज्यांना पेंटाटोनिकचे, म्हणजे पाच स्वरांच्या रांगेचे, पाचही साचे पाठ असतात, ती इथे सगळ्यांत आधी अडकतात. ज्याला जेमतेम चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) येतात तो मात्र कधीकधी पास होतो, कारण त्याने दहा सेकंदांत दोनच स्वर वाजवलेले असतात. लक्षात ठेवायला त्याच्याकडे ओझंच कमी.

इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी वाजवणं. ते म्हणजे सतत नवीन काहीतरी सुचत राहणं, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. आत्ता आपण काय वाजवलं ते लक्षात ठेवायचं आणि त्याचंच पुढे काहीतरी करायचं, हे खरं काम. कार्तिकात आपल्याकडे कोकणात जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतार पाहायला बसा. कथा पुराणातली, सगळ्यांना माहीत असलेली. पण हातात संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. तिथे भाव खाऊन जाणारा नट भारी शब्द वापरतो म्हणून टाळ्या घेत नाही. समोरच्याने पाच मिनिटांपूर्वी टाकलेला शब्द तो नेमका उचलतो आणि त्याच्याच अंगावर परत टाकतो, तेव्हा मंडप उसळतो. शब्द लक्षात राहिला नसता तर परतवणार काय?

मी स्वतः फार उशिरा शिकलो हे. मुंबईत नोकरी करताना एका क्लासला जायचो. तिथे प्रगती म्हणजे ठेका मोजून देणाऱ्या मेट्रोनोमचा आकडा वाढणं. मग एका गणपतीत गावी आलो, आरत्या झाल्यावर गिटार घेऊन भजनाला बसलो. बुवांनी दोन ओळींच्या मधे मला मानेने खूण केली आणि मी पाचव्या फ्रेटवरून (दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवरून) सुटलो तो बाराव्याला जाऊन परत आलो. कोणी काही बोललं नाही. नंतर उसळ-पाव खाताना बुवा एवढंच म्हणाले, "झिला, मधी जरा दम खा मरे." पुढचा सगळा रियाज या एका वाक्यातून निघाला आहे.

सामान आणि खारी हवा

गिटार कुठलीही चालेल. स्टीलच्या तारांची अकूस्टिक असो, इलेक्ट्रिक असो, नायलॉनची असो. ॲम्प्लिफायर लागत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज ज्या बेताने असते ते पाहता न लागलेलाच बरा. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय असावी. मोबाइलही बंद पडला तर पाचवी तार खुली सोडा आणि अंगठ्याने अधूनमधून छेडत राहा. ती तार 'ए' स्वराची आहे आणि आपला सा तोच असणार आहे. घरात पेटी असेल तर कोणालातरी भाता मारायला बसवा आणि पांढरी सहा व पांढरी तीन दाबून धरायला सांगा. सा आणि प मिळाले.

गिटार घेऊन समुद्रावर बसण्याचे फोटो छान येतात. रियाज मात्र घरात करा. खारं वारं तारांना दोन-तीन महिन्यांत खाऊन टाकतं. तारेवर गंज धरला की बोट घासतं, स्वर हलवायला गेलं की कचकचतो, आणि दोष आपण आपल्या बोटांना देतो. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. अकूस्टिक गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या आषाढ-श्रावणात ती कितीतरी वर असते, लाकूड फुगतं, तारा बोर्डापासून उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. म्हणून चिऱ्याच्या भिंतीला गिटार टेकवून ठेवू नका, ओल सरळ लाकडात उतरते. केसमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

तीन जागा

सगळ्यांत बारीक तार पहिली, जाड तार सहावी, असं धरून:

चौथी तार, सातवा फ्रेट: ए. हा आपला सा.
तिसरी तार, पाचवा फ्रेट: सी. हा कोमल ग.
तिसरी तार, सातवा फ्रेट: डी. हा म.

पाचव्या फ्रेटवर तर्जनी, सातव्यावर अनामिका. हात हलवायची गरज नाही. सरगमच्या नावांनी सांगतोय, कारण भजन ऐकत वाढलेल्या कानाला 'मायनर थर्ड' म्हणण्यापेक्षा 'कोमल ग' म्हटलं की स्वर आतून ऐकू येतो. वाजवण्याआधी तिन्ही स्वर गाऊन बघा. आवाज फाटका असला तरी गा. जे गळ्यातून निघत नाही ते बोटांतून निघालं तर तो योगायोग असतो.

पहिला आठवडा: फक्त सा

हो, एकच स्वर. रोज दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल, चौथ्या दिवशी गंमत यायला लागेल.

तंबोरा लावा आणि केरवा तालाचे बोल तोंडाने म्हणा: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. गती सावकाश ठेवा, मिनिटाला साठ-सत्तर मात्रा. आता पहिल्या दिवशी सा फक्त 'धा'वर वाजवायचा. बाकी सात मात्रा तोंडात बोल, हात गप्प. दुसऱ्या दिवशी तोच सा फक्त पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीच्या (जिथे टाळी देत नाहीत त्या जागेच्या) 'न'वर. तिसऱ्या दिवशी चौथ्या मात्रेच्या 'ति'वर. हा सगळ्यांत अवघड. हात सारखा समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, किंवा खालीकडे ओढला जातो आणि 'ति' एक तर आधी पडतो नाहीतर नंतर. इथेच कळतं की आपल्याला ताल येतो असं आपण नुसतंच मानत होतो.

चौथ्या दिवसापासून दोन मात्रा निवडा, समजा 'ना' आणि 'धि', आणि तोच ठसा दहा-बारा आवर्तनं, म्हणजे आठ मात्रांचे दहा-बारा फेरे, धरून ठेवा. मग ठशात एक ठोका वाढवा. मग एक काढून टाका. एवढ्यातही माणूस पुष्कळ बोलू शकतो. आमच्या शिमग्यातले ढोल कुठे सात स्वर वाजवतात? पालखी नाचवायची वेळ आली की फक्त ठोक्यांच्या जागा बदलतात आणि पाय आपोआप उचलले जातात.

ताल बसला की त्याच एका स्वराचा पोत बदला. पिक (तार छेडायची छोटी चकती) ब्रिजजवळ, म्हणजे खाली तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, मारलं तर स्वर पातळ आणि टोकदार निघतो, साउंडहोलवर, म्हणजे मधल्या गोल भोकावर, मारलं तर गोल. पिक बाजूला ठेवून अंगठ्याच्या मांसल भागाने छेडला तर मऊ. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून वाजवला तर बंद, पखवाजाच्या डाव्या पुडीसारखा. पाचव्या फ्रेटवरून घसरत सातव्यावर आलात तर मींड. शिवाय हाच ए, याच उंचीचा, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि पाचव्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरही आहे. तिन्ही जागी वाजवून बघा. बारीक तारेवर तो उजळ आहे, जाड तारेवर घसा बसल्यासारखा. एका स्वराचे हे तीन आवाज म्हणजे फुकटात मिळालेले तीन स्वर.

व्हायब्रेटोला, म्हणजे तार हलवून स्वराला हेलकावा देण्याला, या आठवड्यात वेगळा वेळ द्या. बहुतेक जण स्वर लागल्याबरोबर तार हलवायला लागतात. आधी स्वर सरळ उभा करा, दोन मात्रा तसाच ठेवा, मग हलवा. आणि तालात हलवा, एका मात्रेत दोन किंवा तीन हेलकावे मोजून. हलणं मनगटातून यावं. नुसतं बोट वळवळलं तर स्वर थरथरतो.

दुसरा आठवडा: तीन स्वर, सहा क्रम

आता तिन्ही स्वर घ्या. त्यांचे एकूण क्रम सहाच होतात: सा ग म, ग सा म, सा म ग, म सा ग, ग म सा, म ग सा. स्वरांचे असे सगळे क्रम शिस्तीने मांडण्याला आपल्याकडे खंडमेरू किंवा मेरुखंड म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ते लिहून ठेवलं आहे, आणि विसाव्या शतकात उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात त्याचा वापर उघड ऐकू येतो. तीन स्वरांचे ६ क्रम, चारांचे २४, पाचांचे १२० आणि सातांचे ५०४०. सात स्वरांची घाई कशाला करायची नाही, ते या आकड्यांवरून दिसतंच.

सहा क्रम एकामागून एक वाजवत सुटणं हा मात्र या पायरीचा हेतू नाही. तो बोटांचा व्यायाम झाला. रोज सकाळी एकच क्रम निवडायचा आणि दिवसभर तोच सांभाळायचा. उदाहरण म्हणून सा ग म घेऊ. केरव्याच्या आठ मात्रांत तो असा बसवा: पहिल्या मात्रेला सा, दुसरी रिकामी, तिसरीला ग, चौथीला म, आणि म तसाच शेवटपर्यंत लांबवायचा. हा आजचा मुद्दा. याला मी 'शब्द' म्हणतो. आता या शब्दाचं काय काय करता येतं ते बघा.

तोच शब्द दुसऱ्या मात्रेपासून सुरू करा. स्वर तेच, पण आता तो समेनंतर हळूच आत आल्यासारखा वाटतो. शेवटचा म काढून टाका, नुसतं सा ग राहू द्या. ऐकणाऱ्याचा कान म स्वतः भरतो. पुढे म दोनदा वाजवा. सगळा शब्द निम्म्या मात्रांत कोंबा आणि उरलेल्या चार मात्रा मोकळ्या सोडा. किंवा ग वर येताना तार किंचित, अर्ध्या सुराहूनही कमी, वर ढकला. ब्लूज हे अमेरिकेतलं संगीत वाजवणारे नेमकं हेच करतात, आणि कोमल ग एकदम बोलायला लागतो. सातव्या फ्रेटवरच्या म ला हॅमर-ऑनने या, म्हणजे ग छेडून अनामिका आपटायची, दुसऱ्यांदा तार छेडायची नाही. तेच स्वर पिकने सुटे सुटे वाजवले तर शब्द खडा वाटतो, हॅमर-ऑनने वाजवले तर लाडिक.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की ऐकणाऱ्याला तो नवा शब्द वाटतो आणि आपल्यालाही जुना आठवेनासा होतो.

डबलबारी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाढलेल्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना: समोरासमोर दोन बुवा, दोघांचे पखवाज, दोघांचे टाळकरी. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि जवाबात सवालातला शब्द आला नाही तर लोक लगेच ओळखतात.

गिटारवर दोन्ही बुवा आपणच. आपल्या तीन स्वरांत म हा लटकता स्वर आहे. त्यावर थांबलात की वाक्य अपुरं राहतं. सा वर थांबलात की पूर्ण होतं. तेव्हा सवाल म वर संपवायचा आणि जवाब सा वर. सवाल: सा, रिकामी, ग, म आणि म लांबवलेला. मग एक पूर्ण आवर्तन गप्प. मग जवाब: सा, रिकामी, ग, सा. सुरुवात सवालाचीच, शेपूट फक्त वेगळं. ते मधलं गप्प आवर्तन खाऊ नका. सुरुवातीला आठ मात्रा फार लांब वाटतात, हात शिवशिवतो. तेवढ्यात सवाल मनात पुन्हा म्हणा.

हे जमलं की चार आवर्तनांचं घर बांधा. पहिल्यात सवाल, दुसऱ्यात तोच सवाल जसाच्या तसा, तिसऱ्यात सवालाची सुरुवात पण शेपूट बदललेलं, चौथ्यात जवाब. अमेरिकेतल्या बारा मात्राखंडांच्या ब्लूजमध्येही असाच हिशेब असतो: चार खंडांत एक ओळ, पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा, शेवटच्या चारांत तिला उत्तर. बी. बी. किंग (१९२५-२०१५) हा ब्लूजचा मोठा गिटारवादक गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. गळ्याने ओळ म्हणायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचं. त्यामुळे त्याच्या गिटारला गाणाऱ्याचा श्वास आपसूक मिळाला.

तो श्वास आपल्यालाही उसना घेता येतो. नियम सोपा: श्वास सोडताना वाजवायचं, घेताना हात थांबवायचा. बासरीवाल्याला ही सक्ती शरीरच करतं. गिटारवाल्याला कोणी अडवत नाही, म्हणून तो बडबडत राहतो. पंधरा मिनिटं असं वाजवून बघा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर समजा की तुमच्या ओळी फार लांब आहेत. (खरोखर चक्कर आली तर पाणी प्या, बाकीचं उद्या.)

खालची कॉर्ड बदलते तेव्हा

या लेखातला मला सर्वांत आवडणारा भाग हा. मोबाइलवर ए मायनर, एफ, सी, जी या चार कॉर्ड प्रत्येकी आठ मात्रा वाजवून पाचेक मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. एफ जमत नसेल तर फक्त ए मायनर आणि जी घेतल्या तरी चालेल. मित्र असेल तर त्याला वाजवायला बसवा, पण तो दहा मिनिटांत कंटाळतो असा अनुभव आहे.

आता वर फक्त सा धरा, म्हणजे ए, आणि चारही कॉर्ड त्याच्याखालून जाऊ द्या. ए मायनरवर तो घरात बसलेला आहे. एफवर तो, त्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजला तर, तिसरा स्वर होतो आणि अचानक गोड लागतो. बोट हललं नाही, पण कोणीतरी खोलीत दिवा लावावा तसं. सीवर तो सहावा, जरा खेळकर. जीवर तो नववा, म्हणजे मूळ स्वराच्या वरचा रे, आणि तरंगतो.

मग एक फेरी फक्त सी स्वराची. तो ए मायनर, एफ आणि सी या तिन्ही कॉर्डमध्ये आहेच. सी कॉर्डवर तर तोच मालक. पण जी आली की तो खुपतो, कारण जी कॉर्डमधल्या बी स्वराशी त्याचं अर्ध्या सुराचं अंतर आहे. हे खुपणं चुकीचं नाही. त्यावर मुक्काम केला तर चुकीचं वाटतं. तिथून खाली ए वर उतरा किंवा वर डी वर चढा. डी हा जी कॉर्डचा पाचवा, तिथे पाय घट्ट रोवता येतो. आणि ज्या डीला आपण इतके दिवस लटकता स्वर म्हणत होतो तोच इथे आधार झाला!

प्रत्येक स्वराची एक फेरी झाली की वहीत आपल्या भाषेत लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीने एफवरच्या डीसमोर 'भिजलेला' असं लिहिलंय. थिअरीच्या दृष्टीने तो सहावा स्वर. पण वाजवताना तिला 'सहावा' आठवत नाही, 'भिजलेला' आठवतो, आणि बोट बरोबर पडतं.

मग कॉर्ड बदलतानाच्या मात्रेवर लक्ष ठेवून तिन्ही स्वरांत फिरा. जी येते आहे असं दिसलं की डी वर पोहोचलेलं असायचं, एफला ए वर. मधे काय करता ते तुमचं. एवढं एक पथ्य पाळलं तर तीन स्वरांतही ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाला कॉर्ड कळतात.

चौथा स्वर कधी घ्यायचा?

तीन मिनिटांचं वाजवणं रेकॉर्ड करा. संपल्यावर, ऐकण्याआधी, अगदी सुरुवातीला वाजवलेला शब्द पुन्हा वाजवून दाखवा. मग रेकॉर्डिंग लावा. जुळलं तर चौथा स्वर तुमचा. नाही जुळलं तर आणखी चार दिवस तीनच. आधीच घेतला तर कोणी पकडणार नाही, पण उपयोगही होणार नाही.

चौथा म्हणजे पंचम, ई: दुसरी तार, पाचवा फ्रेट. ए मायनर आणि सी या कॉर्डमधलाच तो स्वर आहे, जीवर सहावा, आणि एफवर सातवा, जिथे तो थोडा कळ आल्यासारखा लागतो. पहिले काही दिवस पंचमाला शेवटी ठेवा: सगळा वेळ तीन स्वरांत घालवा आणि चौथ्या आवर्तनात एकदाच पंचम दाखवा. इतका वेळ ज्याने वाट पाहिली त्याला तो एक स्वर पुरतो.

पंचमाचा आणखी एक उपयोग, इलेक्ट्रिक गिटारवर. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा डी छेडा आणि तार ढकलत वर ई पर्यंत न्या. मागून मधलं बोट आधाराला लावा, एकट्या अनामिकेवर भार टाकू नका. पोहोचलात की नाही ते दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ईशी ताडून बघा. दहातल्या आठ वेळा आपण कमी पडतो, आणि कमी पडलेला बेंड (असा ढकलून वर नेलेला स्वर) हा बेसूर गाण्याइतकाच कानाला लागतो. अकूस्टिकवर तिसरी तार बहुधा वेटोळी आणि जाड असते, तिथे हा हट्ट धरू नका. घसरत जाऊन मींड घ्या. नायलॉनला तर बेंड जेमतेमच जमतो.

पाचवा स्वर कोमल नि, जी: चौथी तार, पाचवा फ्रेट, म्हणजे सा च्या शेजारीच खाली. सा वर येण्याआधी त्याला नुसतं स्पर्शून या. आता तुमच्याकडे नि सा ग म प झाले, नि आणि ग कोमल. गिटारवाले याला ए मायनर पेंटाटोनिक म्हणतात. आपल्याकडे हेच पाच स्वर धानी रागात लागतात. आणि गंमत म्हणजे तंबोरा ए वरून हलवून सी वर लावला, पेटीवरची पांढरी एक, तर हेच पाच स्वर सा रे ग प ध होतात. भूपाचे स्वर! बोटं तिथेच, मुक्कामाची जागा बदलली. याचा अर्थ तुम्ही भूप वाजवलात असा नाही. रागाला त्याचं चलन असतं, त्याच्या ठरलेल्या जागा असतात. पण सा कुठे आहे यावर स्वराचा स्वभाव ठरतो, हे कानाला एकदा कळलं की कळलं.

पाच स्वर आले म्हणून पाचही रोज वाजवायचे असं नाही. आठवड्यातून दोन दिवस वजाबाकी करा. कोमल ग काढून टाका: सा म प नि उरतात. ना उदास ना आनंदी, माळरानासारखं मोकळं काहीतरी. किंवा तिसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी सहावा फ्रेट घ्या. कोमल ग चा शुद्ध ग झाला. याच्याखाली मात्र ए मेजर हवी. ए मायनरवर वाजवलात तर घरातले विचारतील काय झालं म्हणून.

लोकांत बसताना

भजनात, मित्रांच्या मैफलीत किंवा कोणाच्या हळदीला बसणार असाल तर आधी पेटीशी जुळवून घ्या. गावातल्या पेट्या मोबाइलच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. जुन्या पेटीचे सूर थोडे सरकलेले असतात. ट्यूनर खिशात ठेवा, पेटीवाल्याकडून सा घ्या आणि त्याच्यावर तारा लावा. पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही.

बुवांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, पांढरी सहा असेलच असं नाही. काळी एक असेल तर सगळा साचा जसाच्या तसा चार फ्रेट वर सरकवा, म्हणजे सा चौथ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर येईल. पांढरी पाच असेल तर दोन फ्रेट खाली, पाचव्यावर. बोटांची रचना तीच राहते. थोड्या स्वरांचा हाही एक फायदा. गाण्याचे स्वर मात्र आधी ऐकून घ्या. गाण्यात शुद्ध ग असेल तर आपला कोमल ग तोंडघशी पाडेल. शंका असेल तर सा, म, प एवढ्यावरच राहा.

गाणारा गात असताना गप्प. त्याने ओळ सोडली की त्याच ओळीतले शेवटचे दोन-तीन स्वर उचलायचे आणि तिथूनच बोलायला सुरुवात करायची. आपलं ठरवून आणलेलं काही तिथे काढायचं नाही.

आणि थांबायचं कसं, हेही बसवून ठेवा, कारण वाजवणाऱ्याला सगळ्यांत जास्त पंचाईत तिथे होते. सुरुवात होते, मधलं होतं, पण बाहेर पडायचं दार सापडत नाही आणि तो घुटमळत राहतो. तीन स्वरांची तिहाई, म्हणजे तेच तीनदा वाजवून समेवर येणं, हे दार आहे. केरव्याच्या समेपासून दर मात्रेला एक स्वर: म ग सा, म ग सा, म ग सा. तीन त्रिक नऊ स्वर, मात्रा आठ. म्हणजे नववा स्वर, शेवटचा सा, बरोबर पुढच्या समेवर पडतो. घरी बोल म्हणत पन्नास वेळा करा, आधी नुसत्या टाळीवर, मग गिटारवर. पखवाजवाल्याच्या हे पहिल्या 'म ग सा'लाच लक्षात येतं. तो वर बघतो, मान हलवतो आणि शेवटच्या धा ला तुमच्याबरोबर उतरतो. त्या सा वर तार लगेच हाताने बंद करू नका. वाजू द्या, बुवा पुढची ओळ उचलेपर्यंत.